नावावर घाई करायची नाही

सांगलीला आत्तीच्या घरी मी राहायला गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी विजेची गिरणी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. तरीही आत्तीचं जातं रोज पहाटे फिरायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, तानुबाईला झोप नाही. खरी गोष्ट अशी होती की रेशनच्या तांबड्या ज्वारीचं दळण आमच्याकडेही गिरणीतूनच येई. जात्यात पडत ते मूठ-दोन मूठ हुलगे नाहीतर हरभरे, आणि त्यांच्याबरोबर गाणी. आत्ती गाणी दळून बघायची. जी ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर निघाली नाही ती तिच्या लेखी ओळच नव्हती. पुढे मी शिक्षिका झाले, छंदांवरची जाड पुस्तकं वाचली, एकदोन विद्वानांची व्याख्यानंही झोप लागू न देता ऐकली. पण आत्तीच्या जात्याइतकी सरळ कसोटी मला कुठे सापडली नाही. जात्याला कुणाची भीड नसते.

माझे वडील लष्करात होते. साताऱ्याला सदर बझारात आमच्या दोन खोल्या होत्या. वडिलांची बदली उत्तरेला कुठेतरी लांब झाली, आई धाकट्यांना घेऊन त्यांच्याबरोबर गेली, आणि मी आठवीत म्हणून मला शाळेसाठी वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. एस.टी.त बसवताना आईनं पिशवीत कंदी पेढ्यांचा पुडा घातला आणि सांगितलं, "आत्तीला उलट बोलू नको. ती गाणारी बाई आहे, मनाला लावून घेते." आत्ती नेमकं काय मनाला लावून घेते हे कळायला मला तीन वर्षं लागली, आणि कळलं तेही उलट बोलून नव्हे, गाऊन.

आत्तीचे यजमान, धोंडीमामा, मी जाण्याच्या आदल्या वर्षी वारले होते. ते रेल्वेत गँगमन होते; आठवडाभर रुळांवर हातोडा चालवायचे आणि सुटीच्या दिवशी शाहीर असायचे. धर्मांतरानंतरच्या त्या वर्षांत त्यांच्या गायन पार्टीची गाणी सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांतल्या बौद्धवाड्यांत म्हटली जात. शाळेची गाणी, पाण्याची गाणी, दारू सोडण्याची गाणी. शाहिरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायची रीत असते, तसं त्यांच्याही गाण्यांत ते येई, 'धोंडी म्हणे' असं. मामा तुणतुणं वाजवत, आत्ती पुढे उभी राहून गाई. मामा गेले आणि पार्टी मोडली. जुने लोक गायला उभे राहिले की मधेच नाक शिंकरायला लागत. आत्तीनं एक दिवस तुणतुणं खुंटीवरून काढलं, पुसलं आणि म्हणाली, "ह्या म्हाताऱ्यांस्नी नुसतं रडू येतंय. आता पोरं शिकवायची."

पोरं म्हणजे आम्ही तिघं. बबन हा मामांचा पुतण्या, अठरा-एकोणीस वर्षांचा, सायकलच्या दुकानात कामाला. त्याची ढोलकी उत्तम आणि यमकं वाईट. त्याला 'क्रांती' या शब्दाचा फार नाद होता. पहिल्या कडव्यात क्रांती-शांती, दुसऱ्यात भ्रांती, आणि तिसऱ्यात काहीच हाती न लागल्यामुळे वांती.

"बबन्या, वांती कशाला रं मदी?" आत्तीनं विचारलं.

"यमक सपलं की, काकी."

"मग गाणंबी सपव."

तिसरी इंदू. तिचे वडील जैन, हळदीचे अडते. त्यांच्या गोदामात आत्ती हळद निवडायला जायची. त्यामुळे आत्तीचे हात कोपरापर्यंत पिवळे असत, आणि आमच्या घराला, अंथरुणाला, माझ्या शाळेच्या वह्यांना हळदीचा वास असे. इंदूला घरी मास्तर येऊन पेटी शिकवून गेले होते. गोदामात आत्तीचं गाणं ऐकून तिनं हट्ट धरला, आणि घरून दोन अटींवर परवानगी मिळाली. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं, आणि प्यायचं पाणी घरचंच न्यायचं. तिचा पितळी तांब्या पेटीशेजारी ठेवलेला असे. आत्तीनं त्याच्याकडे कधी बघितलं नाही, म्हणजे तो तिला कायम दिसत असणार. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी बबनच्या पायानं तो लवंडला. इंदू उठली, आमच्या माठातलं पाणी घेतलं, प्यायली, आणि पुन्हा बसून पट्टी धरली. तांब्या त्यानंतर आला नाही. समतेवर मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. त्यातली बरीचशी या प्रसंगापेक्षा लांब होती.

रियाज हा शब्द आत्तीला माहीत नव्हता. ती 'घोटणं' म्हणे. महिनाभर एकच गाणं घोटायचं. पहाटे तोंड धुतलं की चहाच्या आधी तीन वेळा, बबन सायकलवरून आला की त्याच्या ढोलकीवर दोन वेळा, आणि संध्याकाळी इंदूच्या पेटीवर, उन्हाची तिरीप दारातून निघून जाईपर्यंत. मला ताप आला तर आत्ती म्हणे, "ताप हाय तर हळू म्हन." परीक्षा असली तर, "पेपर धाला हाय न्हवं?" पंधराव्या दिवशी गाण्याचा इतका वीट येई की स्वप्नातही ते नको वाटे. मी एकदा तसं बोलून दाखवलं. आत्तीचा चेहरा खुलला. "आवडंनासं झालं का? मग आता यायला लागंल." ते खरं होतं. विसाव्या दिवसाच्या सुमाराला गाणं जिभेवरून उतरून खाली कुठेतरी जाऊन बसे, आणि मग ते म्हणताना आपण काही करत नाही, नुसती वाट मोकळी करून देतो, असं वाटे. म्हणून झालं की आत्ती वाडग्यातून हुलग्याचं माडगं देई, वर तुपाचा थेंब असलाच तर. घशाला ते बरं. आजही सर्दी झाली की मी हुलगे भिजत घालते, आणि घर भरल्यासारखं वाटतं.

गाणं रचायचे तिचे नियम थोडे होते. न बघितलेली वस्तू गाण्यात घालायची नाही. माझ्या पहिल्या गाण्यात एक हंस होता.

"हंस बघितलास?" आत्तीनं विचारलं.

"पुस्तकात आहे."

"त्या पुस्तकवाल्यानं तरी बघितला आसंल का? आपल्या किष्णंवर बगळा हाय. बगळा घाल."

"बगळा ढोंगी असतो, आत्ती."

"तुला कोन म्हनलं? दिसभर पाण्यात उभा ऱ्हाऊन पोट भरतोय बिचारा."

बगळा घातला. दुसरा नियम पालुपदाचा. ते सार्वजनिक नळावर गुणगुणत जायचं. रांगेतल्या एखाद्या बाईनं दुसरी घागर भरता भरता ते उचललं तर ठेवायचं, नाहीतर मोडून पुन्हा करायचं. माझी चार पालुपदं नळावर वाहून गेली. तिसरी कसोटी जात्याची. खुंटा धरून ओढायचं आणि गायचं. दाणे घालायला डावा हात पुढे जातो तेव्हा जात्याचा वेग मंदावतो. बरोबर तिथे ओळ संपली पाहिजे, श्वास तिथेच घेता आला पाहिजे. लांबलेली ओळ असली की एकतर मूठ चुकते, नाहीतर शब्द.

आणि शेवटचा नियम नावाचा. स्वतःच्या गाण्यात स्वतःचं नाव घालायला आम्हाला बंदी होती. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडून आपलं गाणं एकदा ऐकू आलं, की मग घालायचं. तोवर शेवटचं कडवं बिननावाचं. मला हे फार लागायचं. मी वहीच्या मागच्या पानावर 'सुमन म्हणे' असं गुपचूप लिहून बघत असे, निरनिराळ्या वळणांत. मामांची गाणी घोटताना मात्र शेवटच्या कडव्याशी आत्ती हमखास अडवायची. "थांब. नावावर घाई करायची न्हाई. परत." ते 'धोंडी' ती स्वतः इतकं सावकाश घ्यायची की बबनला ढोलकीवर एक जादा ठेका भरावा लागे. मला वाटे, शाहिराचा मान.

याच काळातली रेशन ऑफिसमधली एक गंमत सांगितली पाहिजे. कार्ड बदलायचं होतं. क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "बाई, नाव?"

"तानुबाई."

"नवऱ्याचं?"

आत्ती माझ्याकडे बघायला लागली. "सांग की गं."

"तुम्हीच सांगा ना, बाई."

"आवं, ही सांगतीया न्हवं."

मी सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तेव्हा घरोघर होती. आमच्या लोकांनी देव्हारे उचलून नदीत सोडले होते, उपास टाकले होते, जुन्या रितींना मोठ्या सभांमधून मूठमाती दिली होती. पण ही एक रीत बायकांच्या तोंडात तशीच राहून गेली होती. मला नववीच्या पुस्तकी शहाणपणानं तिचं हसू आलं. आत्ती मामांना 'त्ये' म्हणे, 'घरची' म्हणे, माझ्याशी बोलताना 'तुजं मामा' म्हणे. मी हसले आणि विसरले.

दहावीच्या हिवाळ्यात मला एक शोध लागला. मामांचं एक गाणं आम्ही घोटत होतो. पालुपद असं होतं:

दार उघड गं बाई, अक्षरं आली दारी
पाणी दे गं त्यास्नी, दमून आली सारी

अक्षरं म्हणजे लांबून चालत आलेले पाहुणे, अशी कल्पना. त्या दिवशी आत्तीचा हात दुखत होता म्हणून जात्यावर मी बसले होते, आणि गाता गाता माझ्या लक्षात आलं की या गाण्यातला एक श्वास चुकत नाही. डावा हात वळतो, आणि ओळ संपते. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. मी मामांचं दुसरं गाणं घेतलं, तिसरं घेतलं. तेच. आता, रुळांवर हातोडा मारणाऱ्या माणसाची गाणी हातोड्याच्या ठेक्यात पडायला हवीत. मामांनी आयुष्यात जातं एखादवेळी उचलून ठेवलं असेल, ओढलं नसणार. आत्ती गोदामात गेल्यावर मी ट्रंकेतल्या वह्या काढल्या. बऱ्याचशा आत्तीच्या ठसठशीत अक्षरात. लोक म्हणत, तिनं नवऱ्याची गाणी उतरून घेतली. पण उतरून घेणारा माणूस एक शब्द तीनदा खोडून चौथा लिहीत नाही. सगळ्यांत जुनी वही तेवढी मामांच्या बारीक अक्षरातली होती, आणि तिच्यात प्रत्येक गाण्याखाली 'धोंडी' एवढंच मोठ्या, वाकड्या अक्षरांत. ते कुणा पोरानं गिरवलं असेल असं समजून मी सोडून दिलं. शोध लावणाऱ्यांचं असंच होतं. हवं तेवढं दिसतं.

मी आत्तीला सरळ विचारलं, "ही गाणी तुझी आहेत ना?"

"दळताना इचारायचं न्हाई," ती म्हणाली. ती तेव्हा दळत नव्हती, मिरच्या निवडत होती.

मला तेव्हा जगात नावाइतकं महत्त्वाचं काही वाटत नव्हतं. आपल्याला एका नावासाठी एवढं झुरावं लागतं आणि आत्तीचं सगळं नाव एका पुरुषानं नेलं, या विचारानं मी आतून पेटले. इंदूला सांगितलं. ती म्हणाली, "आणि आपण रोज तेच नाव घोटतोय."

मामांचं मूळ गाव साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या वाटेवर होतं. तिथल्या लोकांनी वैशाखी पौर्णिमेला मामांच्या स्मरणाचा कार्यक्रम ठरवला आणि आम्हाला गायला बोलावलं. पहाटेच्या एस.टी.नं आम्ही चौघं गेलो. इंदूच्या आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या, बबननं ढोलकी मांडीवर घेऊन तिकीट तिचं काढावं लागेल का, यावर कंडक्टरशी वाद घातला. कार्यक्रम दुपारी चारचा, तो साडेपाचला सुरू झाला, कारण अध्यक्षसाहेब यायचे होते. अध्यक्षसाहेबांच्या गळ्यात इतके हार पडले की त्यांचा आवाज झेंडूतून येत होता. आपल्याला वेळ थोडा आहे असं सांगून ते तासभर बोलले. त्यांनी मामांना कधी ऐकलं होतं असं त्यातून दिसलं नाही. "शाहिरांची प्रतिभा हिमालयाएवढी होती," ते म्हणाले. "आणि त्यांच्या सौभाग्यवती," इथे कुणीतरी खोकलं, "त्यांच्या पत्नी, शिक्षण नसूनही त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. या माउलीनं भाकऱ्या थापल्या, म्हणून शाहिरांना गाणी सुचली." टाळ्या झाल्या. आत्ती मंचाच्या कडेला सतरंजीवर बसली होती, ओटीत सत्काराचा नारळ. ती नारळाची शेंडी नीट करत होती. मला वाटलं, अपमान गिळते आहे.

मग आम्ही उभे राहिलो. 'अक्षरं आली दारी' मी म्हणायचं, आणि बबन आणि आत्तीनं मागून झील धरायची, म्हणजे माझी ओळ उचलून पुन्हा म्हणायची, असं ठरलं होतं. तीन कडवी छान गेली. शेवटचं कडवं असं आहे:

धोंडी म्हणे बसा हो, घाई नको जाण्याची
ओळख राहू द्या एकेका दाण्याची

मी म्हटलं, "तानू म्हणे बसा हो." वजनात फरक पडला नाही, दोन अक्षरं काढून दोन घातली, बस्स. ठरवून केलं होतं की ऐन वेळी, हे मला आज सांगता येणार नाही. दोन्ही थोडं थोडं असावं. आवाज अध्यक्षांच्या दिशेनं होता हे नक्की. बबनचा एक ठेका हुकला. इंदूनं पट्टी सोडली नाही. झील उचलायची जागा आली, बबननं अर्धं तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ती काहीच म्हणाली नाही. गाणं तिथेच, अर्ध्या पायरीवर उभं राहिल्यासारखं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षसाहेब हार काढून मांडीवर मोजत होते. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं तेवढा पदर तोंडाला लावला. आत्तीचे डोळे भरलेले मी बघितले, आणि आपण मोठं काम केलं अशी माझी खात्री झाली.

परतीच्या एस.टी.त आत्ती खिडकीशी बसली. कऱ्हाड मागे पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, "तुला वाटतंय, चांगलं केलंस?"

"हो," मी म्हणाले. "ते काय बोलले ऐकलंस ना? भाकऱ्या म्हणे. गाणी तुझी आहेत, आत्ती. मला माहीत आहे."

"बरं," आत्ती म्हणाली.

ते 'बरं' पुढे नऊ दिवस घरात राहिलं. दुसऱ्या पहाटे तिनं मला उठवलं नाही. मी जात्याच्या घरघरीनं जागी झाले. जातं फिरत होतं आणि त्यात गाणं नव्हतं. असं त्या घरात पूर्वी झालं नव्हतं. भाकरी वेळेवर, शेंगांची चटणी वेळेवर, माझ्या वेणीला तेलसुद्धा वेळेवर. फक्त बोलणं नव्हतं. बबन सायकल टेकवून दारात उभा राहिला.

"काकी, आज?"

"न्हाई."

"मग उद्या?"

"बघू."

तो मला नळापाशी गाठून म्हणाला, "सुमे, दांडगी शाणी गं तू. काका मेला तवा गाणी बंद पडली न्हाईत, ती तू पाडलीस." इंदू दोनदा येऊन, मुकाट बसून, दिवस मावळायच्या आत निघून गेली. "तिला आनंद होईल वाटलं होतं," एवढंच ती म्हणाली. "म्हणून तर मी पट्टी सोडली नाही." मला घरी, म्हणजे आईकडे, पत्र लिहावंसं वाटलं, पण काय लिहायचं? आत्तीला मी उलट बोलले नाही, हे खरंच होतं.

मग मी एकटीच घोटायला लागले. दुसरं काही येत नव्हतं म्हणून. पहाटे परसात उभी राहायची आणि म्हणायची, आत ऐकू जाईल अशी. शेवटच्या कडव्याच्या आधी थांबायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. दहाव्या दिवशी मी ठरवलं की आज पुरं करायचं. तीन कडवी झाली. चौथ्याच्या तोंडाशी आले, आणि तोंड उघडून तशीच राहिले. 'तानू' म्हणवेना आणि 'धोंडी'ही म्हणवेना. आत जातं थांबलं.

"का थांबलीस?" आत्ती दारात आली होती, हाताला पीठ.

"कुठलं नाव घेऊ?"

ती उंबऱ्यावर बसली आणि मला शेजारी बसवलं. पहिल्यांदा तिनं माझा पदर नीट केला. मी नुकतीच साडी नेसायला लागले होते आणि ती कधी जागेवर राहात नसे. "तुला वाटलं, माजी चोरी झालीया," ती म्हणाली. "गाणी माजीच हायती. ह्यात काय सांगायचं? त्येंनी कवा न्हाई म्हनलं न्हाई. पारटीतल्या समद्यांस्नी ठावं हुतं. त्या अध्यक्षाला न्हाई ठावं, त्येला कशाला ठावं पायजे?"

"मग नाव त्यांचं का?"

"लगीन झालं तवा मला 'ग' न्हवता येत. सांजचं रुळावरनं यायचे, आन कोळशानं भिताडावर अक्षरं काडून दावायचे. पयल्या दिशी म्हनले, तुजं नाव लिव. म्या म्हनलं, न्हाई, तुमचं शिकवा. हसाय लागले. म्हनले, माजं कशाला? आता काय सांगायचं त्येंस्नी? तोंडानं घेता यीत न्हाई, हातानं तरी घिऊ म्हनलं." ती हाताचं पीठ एका बोटानं काढत होती. "सा म्हैनं मला तेवडंच लिवता येत हुतं. गाणं मी जात्यावर करायची, त्ये वहीत उतरायचे, आन खाली मी नाव लिवायची. त्येंचं. मोटं."

जुन्या वहीतली वाकडी अक्षरं मला आठवली. पोराची नव्हती ती.

"मग मीच म्हनलं, नाव गाण्यातच घालते की. पयल्यांदा गावच्या जत्रंएवढ्या मान्सात उभी ऱ्हायली आन त्येंचं नाव घेतलं. मोट्यानं. कोन काय म्हननार? शाहिरी हाय. त्ये खाली मान घालून तुनतुनं वाजवायचे आन हसायचे. मला ठावं आसायचं, आता हसत्यात." तिनं बोटाचं पीठ झटकलं. "बाकीच्या बायास्नी लग्नात, बारशात कोनतरी दारात आडवून नाव घ्यायला लावतंय. माज्या कपाळाकडं बघून आता कोन म्हननार, तानुबाई, नाव घ्या? मला ती येकच जागा हुती, सुमे. तू माजं घातलंस, त्येला माजी ना न्हाई. माजं नाव काय, कोनबी घेतंय. रेशनचा क्लार्कबी घेतोय. पर त्येंचं काडलंस की गं."

मी तिच्या खांद्याला डोकं लावलं. तीन वर्षांत मी तिच्या तोंडून ते नाव गाण्याबाहेर एकदाही ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आणि गाण्यात रोज ऐकलं होतं, पहाटे तीनदा, ढोलकीवर दोनदा, संध्याकाळी पेटीवर. वीट येईपर्यंत.

"चुकलं," मी म्हणाले.

"चुकलंच. पर ठेका न्हाई चुकीवलास," आत्ती म्हणाली. "चल. शेवटचं कडवं मी म्हनते. तू झील धर."

ती उंबऱ्यावर बसल्या बसल्याच गायली. बबन तोवर आला होता. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि तिच्या सीटवर बोटांनी ठेका धरला. 'धोंडी' वर ती जितकी थांबायची तितकी थांबली. मी झील उचलली. पुढच्या वर्षी मॅट्रिक म्हणून सुटीतही शाळेत जादा तास होते; त्या दिवशी उशीर झाला आणि बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी बाहेर उभी राहून तेच कडवं मनात म्हणत होते.

मामांची गाणी पुढे पुस्तिकेत छापली गेली तेव्हा मी मुद्रितं तपासली. एका अक्षराला हात लावला नाही. अलीकडे विद्यापीठातून एक हुशार मुलगी आली होती, छोटं यंत्र माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं की एका स्त्रीचं कर्तृत्व असं पुसलं गेलं, ते दुरुस्त करावंसं तुम्हाला वाटलं नाही का. मी म्हणाले, वाटलं, आणि केलंही, एका वैशाखात. मग तिला हे सगळं सांगितलं. तिनं यंत्र बंद केलं. गाणी कुणाची ते तिनं आता लिहावं. खरं आहे ते लिहिलंच पाहिजे. फक्त ते दुरुस्त करायला गाण्याच्या आत जाऊ नये.

मी स्वतः नवऱ्याला नावानं हाक मारत आले. आमच्या पिढीनं ते मिळवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. एकेचाळीस वर्षं, दिवसातून वीस वेळा तरी, बहुतेक वेळा दूध आलं का किंवा चष्मा कुठे ठेवला हे विचारायला. ते जाऊन आता चार वर्षं झाली. मला त्यांचं नाव घ्यायला कुणाची मनाई नव्हती, म्हणून मी ते कधी सावकाश घेतलं नाही.

रविवारी सकाळी गल्लीतल्या तीन मुली माझ्याकडे गाणं शिकायला येतात. जातं नाही, मी त्यांना डाळ निवडत गायला लावते, त्यांना ते फार विचित्र वाटतं. त्यातल्या धाकटीचा आवाज चांगला आहे आणि तिला घरी जायची घाई असते. शेवटचं कडवं आलं की ती सुटते. मी पेटीवरचा हात उचलते.

"थांब," मी म्हणते. "नावावर घाई करायची नाही. परत."